जुनी जीएल घ्यावी का? ब्रेक बूस्टर आणि एअरबॅगच्या तक्रारींबद्दल सल्ला हवा आहे

किहीमकर

नमस्कार मंडळी,

घरातील माणसे वाढल्यामुळे आम्ही सात आसनांची गाडी शोधत आहोत. माझ्या थोरल्या बंधूंना पुण्यातील एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडची मर्सिडीज जीएल ३५० सीडीआय फार आवडली आहे. ती २०१२ च्या सुरुवातीला तयार झालेली, म्हणजे १६४ मालिकेतली शेवटची-शेवटची गाडी आहे. मूळ नोंदणी दिल्लीची आहे. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या महागड्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन आपल्याकडे येतात आणि इथल्या गाड्यांपेक्षा बऱ्याच स्वस्तात विकल्या जातात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ही गाडीही तशीच आली असून तिला आता महाराष्ट्राचा क्रमांक मिळाला आहे. एखाद्या नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशांत ही गाडी दारात येत असल्यामुळे दादांचा ओढा समजण्यासारखा आहे.

माझी चिंता वेगळी आहे. या गाडीविषयी परदेशातील मालकांनी लिहिलेले वाचताना ब्रेकच्या तक्रारी पुन्हा पुन्हा समोर आल्या. पेडल एकाएकी कडक होणे, पाय ठेवल्यावर हवा सुटल्यासारखा आवाज येणे, गाडी थांबायला नेहमीपेक्षा जास्त अंतर लागणे, अशा स्वरूपाच्या त्या तक्रारी आहेत. २०२२ साली याच कारणासाठी कंपनीने जगभरातील गाड्या परत बोलावल्या होत्या, हेही वाचनात आले. त्याशिवाय त्या काळातील अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असलेल्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा प्रश्न आहेच.

आम्ही अलिबाग तालुक्यात समुद्रापासून अगदी जवळ राहतो. दारातील लोखंडी फाटकाला दर दोन पावसाळ्यांनी रंग द्यावा लागतो, इतकी इथली हवा खारी आहे. आईला उपचारांसाठी नियमितपणे पुण्याला न्यावे लागते, म्हणजे कार्ले खिंड, वडखळ, खोपोली आणि मग बोरघाट असा प्रवास ठरलेला. मागच्या आसनांवर दादांची दोन लहान मुले असतात. येताना तो सगळा घाट उतरायचा असतो आणि त्या वेळी ब्रेकबद्दल मनात शंका असणे मला मान्य नाही.

व्यापाऱ्याला विचारले असता त्याने "ब्रेक एकदम ओके आहेत, चालवून बघा" एवढेच सांगितले. चालवून पाहिल्यावर मलाही काही दोष जाणवला नाही. तेव्हा जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. चालवून पाहिल्यावर ब्रेक चांगले वाटले, तर या तक्रारींकडे दुर्लक्ष करता येईल का? आपल्याकडची एखादी गाडी परत बोलावण्याच्या त्या मोहिमेत होती की नाही आणि असल्यास तिचे काम झाले की नाही, हे खात्रीने कसे कळेल? उद्या काही बिघडले, तर आपला कायदा जुन्या गाडीच्या ग्राहकाच्या बाजूने कितपत उभा राहतो?

आडवाट

किहीमकर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे आणि त्यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय आपण व्यापाऱ्याला विसार देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझा रोजचा संबंध ब्रेक आणि सस्पेन्शनच्या कामाशी येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ब्रेक बूस्टर म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या मधोमध बसवलेला पत्र्याचा मोठा गोल डबा. आत रबरी पडदा असतो आणि त्याच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबातील फरकामुळे आपल्या पायाचा जोर कित्येक पटींनी वाढून पुढे जातो. पेट्रोल गाडीत ही निर्वात पोकळी बहुतेक वेळा इंजिनाच्या शोषणातून मिळते, तर डिझेल इंजिनाला त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. जीएलसारखी सुमारे अडीच टनांची गाडी या मदतीशिवाय थांबवणे म्हणजे पेडलवर जवळजवळ उभे राहण्यासारखे आहे. वयस्कर किंवा सडपातळ माणसाला ते जमेलच असे नाही.

१६४ मालिकेतील एमएल आणि जीएल, तसेच २५१ मालिकेतील आर-क्लास यांच्या बूस्टरच्या बाहेरील बाजूस, जिथे डब्याचे दोन भाग जोडलेले आहेत, तिथे एक रबरी पट्टा बसवलेला असतो. पाणी त्या पट्ट्याखाली शिरले की ते लवकर वाळत नाही आणि जोडावर गंज धरतो. गंज वाढून पत्र्याला बारीक छिद्र पडले की बाहेरची हवा आत शिरू लागते, त्याचाच तो सुस्कारा आणि त्यामुळेच पेडल कडक होते. मालकांच्या तक्रारींत वर्णन केलेली लक्षणे याच टप्प्यावरची आहेत. यापुढचा टप्पा क्वचित येतो, पण तो अधिक भयंकर आहे. गंजाने जोड फारच कमकुवत झालेला असताना चालकाने अचानक जोरात ब्रेक दाबला, तर बूस्टरच मोडू शकतो आणि पेडलचा पुढच्या यंत्रणेशी असलेला संबंध तुटू शकतो. पायाने लावायचा पार्किंग ब्रेक वेगळ्या मार्गाने काम करतो, त्यामुळे तो शाबूत राहतो. पण घाटात त्या क्षणी तो आठवणे आणि जपून वापरणे हे प्रत्येकाला साधणारे नाही.

मे-जून २०२२ मध्ये कंपनीने जगभरातील सुमारे ९ लाख ९३ हजार गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. त्या २००४ ते २०१५ या काळात तयार झालेल्या होत्या. त्यांपैकी सुमारे ७० हजार एकट्या जर्मनीतल्या होत्या. मालकांना तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नये, असे कळवण्यात आले होते. मोटार कंपनी असे क्वचितच सांगते. "सवडीने येऊन जा" आणि "चालवूच नका" या दोन सूचनांमधील अंतर आपण लक्षात घ्यावे.

आता चालवून पाहण्याबद्दल. गॅरेजमध्ये आम्ही एक साधी चाचणी करतो, ती आपणही करू शकता. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबावे, म्हणजे साठलेली पोकळी संपते आणि पेडल कडक होते. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. बूस्टर काम करत असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली बसल्याचे स्पष्ट जाणवते. त्यानंतर इंजिन एक-दोन मिनिटे चालू ठेवून बंद करावे, थोडे थांबावे आणि पुन्हा पेडल दाबावे. पहिला दाब मऊ आणि खोल जायला हवा, पुढचे दाब क्रमाने कडक होत जायला हवेत. पहिलाच दाब दगडासारखा लागला, तर हवा कुठून तरी सुटते आहे असे समजावे. हे सर्व करताना काचा वर करून एसीचा पंखा बंद ठेवावा, म्हणजे सुस्कारा असेल तर ऐकू येईल.

परंतु ही चाचणी आज हवा सुटते आहे की नाही एवढेच सांगते. पट्ट्याखालचा पत्रा किती उरला आहे, हे ती सांगू शकत नाही. ज्या बूस्टरला अजून छिद्र पडलेले नाही पण ज्याचा जोड अर्धा खाल्ला गेला आहे, तो या परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण होईल. म्हणून पट्टा काढून, जोड स्वच्छ करून, डोळ्यांनी पाहिल्याखेरीज दुसरा मार्ग नाही. हे काम अधिकृत सेवा केंद्रात करून घ्यावे आणि गंज पुढच्या थराला गेलेला असेल तर बूस्टर बदलणे हाच उपाय आहे. वरून रंग मारून दिलेला बूस्टर दिसला, तर त्या गाडीचा नाद सोडावा.

दिल्लीची गाडी म्हणजे कोरड्या हवेतली, असे समजून निर्धास्त होऊ नका. पुढच्या काचेखालच्या जाळीत पाने साचून निचरा तुंबला की पाणी कोठेही साचू शकते. शिवाय यापुढे गाडी राहणार आहे ती आपल्या दारातील फाटकाशेजारी.

हडसनकाठ

मी गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि इथे या गाड्या खूप आहेत, म्हणून इकडची माहिती देतो. अमेरिकेत त्या मोहिमेत सुमारे २ लाख ९२ हजार गाड्या होत्या. त्यांत २००६ ते २०११ च्या एमएल, २००७ ते २०१२ च्या जीएल आणि २००६ ते २०१२ च्या आर-क्लास गाड्या येतात. मालकाने गाडी स्वतः चालवत आणू नये म्हणून कंपनीने ती विनामूल्य ओढून नेण्याची सोय केली होती. त्यामुळे आपण पाहत असलेली गाडी त्या वर्षांच्या कक्षेत बसते, हे नक्की.

मात्र एक सावधगिरी बाळगा. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर सतरा अंकी-अक्षरी चेसिस क्रमांक घालून तपासण्याची सोय आहे, पण ती मुख्यत्वे अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांसाठी आहे. भारतातील गाडीचा क्रमांक तिथे टाकून काहीही निघाले नाही, तर त्याचा अर्थ गाडी निर्दोष आहे असा होत नाही. आपल्याला भारतातील अधिकृत सेवा केंद्राकडेच चेसिस क्रमांक द्यावा लागेल. त्यांच्या प्रणालीत त्या क्रमांकावर कोणत्या मोहिमा प्रलंबित आहेत आणि कोणत्या पूर्ण झाल्या, हे दिसते. विचारताना "रिकॉल झाला का?" एवढेच विचारू नका. बूस्टरची केवळ तपासणी झाली होती की तो बदलला गेला, आणि कोणत्या तारखेला, हे विचारा. दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी "सध्या ठीक" म्हणून सोडून दिलेला जोड आज तसाच असेल, असे मानायला आधार नाही.

ताकाताचा आपला प्रश्नही तितकाच योग्य आहे. त्या एअरबॅगमध्ये वायू निर्माण करण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले होते. ओलावा शोषणारा पदार्थ नसलेल्या फुगवणीत (एअरबॅग फुगवणाऱ्या धातूच्या भागात) वर्षानुवर्षे उष्णता आणि दमट हवा यांचे चढउतार सोसून ते भुसभुशीत होते, अपघाताच्या वेळी हवे त्यापेक्षा झपाट्याने जळते आणि धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताकाठच्या दमट राज्यांना म्हणूनच सर्वांत आधी प्राधान्य द्यावे लागले. इथे एकूण सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत बोलावल्या गेल्या आणि जून २०१७ मध्ये ताकाता कंपनी दिवाळखोरीत निघाली. मर्सिडीजच्या तेव्हाच्या मूळ कंपनीने, डाइम्लरने, २०१६ साली अमेरिकेत जाहीर केलेल्या मोहिमेत एम आणि जीएल मालिकाही होत्या. कोकणची हवा पाहता चेसिस क्रमांक देताना एअरबॅगची चौकशी वेगळी करावी आणि उत्तर वेगळे लिहून घ्यावे.

मालकांच्या तक्रारींचे मोल किती, याविषयी एक उदाहरण सांगावेसे वाटते. २०१४ आणि २०१५ च्या जीप ग्रँड चेरोकीत गिअरचा दांडा असा होता, की तो पुढे-मागे ढकलल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा मधल्या जागी येत असे. गाडी "पार्क"मध्ये पडली की नाही, हे हाताला कळत नसे, केवळ दिव्याकडे पाहून कळे. मालक उतरत आणि गाडी घरंगळू लागे. अशा तक्रारी सरकारी नोंदवहीत साठत गेल्या, त्यांवरून चौकशी झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने त्याच दांड्याच्या इतर गाड्यांसह जगभरातील सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती म्हणजे दार उघडताच गाडी आपोआप "पार्क"मध्ये जाईल असा सॉफ्टवेअरमधील बदल होता. ती सर्वांपर्यंत पोचण्याआधीच, जून २०१६ मध्ये, अँटन येल्चिन हा सत्तावीस वर्षांचा अभिनेता लॉस एंजेलिसमध्ये स्वतःच्याच घराच्या उतारावर स्वतःच्याच ग्रँड चेरोकी आणि विटांचा खांब यांच्यामध्ये चेंगरून मरण पावला. ती गाडीही परत बोलावलेल्या गाड्यांपैकीच होती. मोहीम जाहीर होणे आणि आपल्या दारातील विशिष्ट गाडीचे काम होणे यांत जो काळ जातो, त्यात माणसे दगावतात. म्हणून "कंपनीने तेव्हाच सगळे सोडवले" असे व्यापारी म्हणाला, तर ते मान्य करू नका.

चाफा

मी वकिली करते आणि ग्राहक आयोगासमोरील प्रकरणे हाताळते, म्हणून तिसऱ्या प्रश्नापुरते लिहिते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०अ हे कलम आले. एखाद्या प्रकारच्या गाडीतील दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय होऊ शकत असेल, तर केंद्र सरकार त्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश उत्पादकाला देऊ शकते. त्यासाठी मालकांच्या तक्रारींचे ठरावीक प्रमाण लागते आणि ते त्या गाडीच्या वार्षिक विक्रीवर अवलंबून असते. चाचणी संस्थेचा किंवा अन्य स्रोताचा अहवालही आधार होऊ शकतो. याविषयीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि सक्तीने परत बोलावण्याची वेळ आली, तर दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. त्यापूर्वी २०१२ पासून आपल्याकडे जे होते, ते उत्पादकांच्या संघटनेचे स्वेच्छेचे धोरण होते.

आपल्या दृष्टीने यातील कळीचा मुद्दा असा, की ही सक्तीची तरतूद सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहे. २०१२ ची गाडी तिच्या बाहेर आहे. मला ही मर्यादा योग्य वाटत नाही, कारण गंज आणि दमटपणा यांतून उद्भवणारे दोष नेमके सात वर्षांनंतरच उघडे पडतात, आणि तोपर्यंत अशी गाडी पहिल्या धनिक मालकाकडून दुसऱ्या-तिसऱ्या, बेताच्या उत्पन्नाच्या मालकाकडे गेलेली असते. कंपनीने स्वतःहून चालवलेल्या जागतिक मोहिमेचा लाभ मात्र वयाच्या अटीविना मागता येतो आणि तो जरूर मागावा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन-दायित्वाचे प्रकरण आपल्या अधिक उपयोगाचे आहे. उत्पादनातील दोषामुळे इजा झाली, तर उत्पादकाने आपण निष्काळजी नव्हतो असे सिद्ध केले तरीही तो जबाबदार ठरू शकतो. तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. दोष पुढे सिद्ध करायचा, तर कागद आजच जमवायला लागतात. चेसिस क्रमांकावरील मोहिमांची स्थिती, तपासणीचा अहवाल, काढलेल्या भागाची छायाचित्रे आणि व्यापाऱ्याने दिलेले लेखी आश्वासन हे सर्व जपून ठेवावे. विक्रीच्या करारात "आहे त्या स्थितीत" असे शब्द असतील, तर त्याखाली ब्रेक आणि एअरबॅगविषयी स्वतंत्र ओळ लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. तसेच १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र लागते. ते मागून पाहा. दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या बाकीच्या आश्वासनांचीही किंमत तेवढीच.

न्यायालयाची भूमिका अलीकडे ग्राहकाला दिलासा देणारी आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्युंदाई क्रेटाच्या एका प्रकरणात, अपघातात एअरबॅग न उघडल्याबद्दल कंपनीला जबाबदार धरणारा आदेश कायम ठेवला. किती वेगाने, किती जोराने आदळल्यावर एअरबॅग उघडते याचे भौतिकशास्त्र ग्राहकाने जाणून असावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाने त्यात नमूद केले. जुलै २०२४ मध्ये डाइम्लर क्रायस्लरच्या अपिलांवर निर्णय देताना, कंपनीच्या नावावर असलेली पण संचालकांच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडी "व्यापारी हेतूची" ठरत नाही, असेही स्पष्ट झाले. आपल्या दादांनी जर गाडी फर्मच्या नावावर घ्यायची ठरवली असेल, तर हा निकाल लक्षात असू द्या, आणि तरीही शक्य असल्यास वैयक्तिक नावावरच घ्या, म्हणजे तो वादच उरत नाही.

सह्यकडा

वरील सर्वांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण दुसरी बाजूही मांडली जावी असे वाटते. मालकांच्या प्रत्येक तक्रारीमागे गाडीचा दोष असतोच असे नाही. १९८६ साली अमेरिकेत ऑडी ५००० ही गाडी आपोआप वेग घेते, असा गाजावाजा दूरदर्शनवरील एका कार्यक्रमाने झाला. मालकांच्या तक्रारी शेकड्यांनी होत्या, कंपनीची विक्री कोसळली, आणि १९८९ साली सरकारी अभ्यासाअंती निष्पन्न झाले, की बहुतेक प्रसंगी चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. उलट मार्च २०१६ मध्ये पोर्शे कायेन आणि फोक्सवॅगन टुआरेग मिळून सुमारे ८ लाख गाड्या पेडलच्या कंसातील एक छोटी सर्क्लिप (अडकवणीची कडी) सैल होऊ शकते म्हणून परत बोलावल्या गेल्या. तो दोष कंपनीच्या अंतर्गत तपासणीत सापडला होता. म्हणजे तक्रारी भरपूर असून दोष नसू शकतो आणि दोष असून तक्रारी नसू शकतात.

जीएलच्या बूस्टरबाबत असा संशय घ्यायला जागा नाही, कारण कारणही सापडलेले आहे आणि कंपनीनेही ते मान्य केलेले आहे. माझा आक्षेप एवढाच, की त्यामुळे गाडीच त्याज्य ठरत नाही. नवा बूस्टर बसवलेला असेल, एअरबॅग तपासलेल्या असतील, तर ही गाडी घाटात चालवायला अतिशय स्थिर आहे. व्यापाऱ्याकडून मिळणाऱ्या सवलतीतून तो खर्च भागला तरी पुष्कळ.

ज्या गोष्टीकडे कोणी पाहत नाही, ती मात्र आवर्जून पाहा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे ३२१६ असेल तर २०१६ चा बत्तिसावा आठवडा. विक्रीसाठी उभ्या राहिलेल्या मोठ्या गाड्यांचे टायर खाचा खोल असल्यामुळे नवे दिसतात, पण रबर उन्हात वाळून त्याला बारीक भेगा गेलेल्या असतात. अडीच टनांची गाडी, सात माणसे, सामान आणि समृद्धी महामार्गासारख्या सिमेंटच्या रस्त्यावरील दुपार एकत्र आली, की असा टायर फुटायला वेळ लागत नाही. चारही टायरचे आणि स्टेपनीचे अंक लिहून घ्या. पाचांपैकी एक जरी फार जुना निघाला तरी तो बदलूनच गाडी ताब्यात घ्या.

आणि मागच्या आसनांवरील पट्टे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, तेव्हा ते मर्सिडीजच्याच जीएलसीत मागे बसले होते. मागील दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता आणि दोघेही गेले, पुढचे दोघे वाचले. तिसऱ्या रांगेतील पट्टे वर्षानुवर्षे न वापरल्यामुळे गुंडाळीत अडकून बसतात. प्रत्येक पट्टा पूर्ण बाहेर ओढून, झटका देऊन तो जागीच थांबतो का, हे पाहा. दादांची मुले तिथेच बसणार आहेत.

किहीमकर

सर्वांचे मनापासून आभार. आडवाट यांचे म्हणणे मी दादांना शब्दशः वाचून दाखवले आणि पहिल्यांदाच त्यांनी घाई सोडली. मी पुण्याला जाऊन पेडलची चाचणी केली. पेडल व्यवस्थित खाली बसते आणि सुस्कारा ऐकू येत नाही. पट्ट्याखाली काय आहे ते यावरून कळत नाही, हे आता ठाऊक असल्यामुळे मी त्यावर समाधान मानलेले नाही. चेसिस क्रमांक सेवा केंद्राला दिला आहे आणि ब्रेक व एअरबॅग या दोन्हींची स्थिती स्वतंत्रपणे लेखी मागितली आहे. चाफाताई, व्यापाऱ्याने अधिकारपत्र दाखवले, पण करारात ब्रेकविषयीची ओळ घालायला तो अद्याप तयार नाही. बूस्टरचा रबरी पट्टा काढून तपासणी करायलाही त्याने आधी नकार दिला. तपासणीचा खर्च आम्ही करू म्हटल्यावर विचार करतो म्हणाला.

सह्यकडा, पुढचे दोन टायर अलीकडचे आहेत, मागचे दोन सहा वर्षांहून जुने निघाले. स्टेपनी तळाशी असल्यामुळे अंक पाहता आले नाहीत. तिसऱ्या रांगेतील उजवीकडचा पट्टा अर्ध्यावर अडकतो. हे आपण सांगितले नसते, तर मी तो कधीच ओढून पाहिला नसता.

आता एकच विचारायचे आहे. तपासणीत गंज थोडासाच निघाला आणि सेवा केंद्राने गाडी चालवण्यास हरकत नाही म्हटले, तर अलिबागच्या हवेत तेवढ्यावर विसंबावे का?

आडवाट

विसंबू नका. "थोडासा गंज" हा निर्वाळा त्या दिवसापुरता असतो आणि खाऱ्या हवेत पट्ट्याखालचा गंज किती वेगाने पुढे जाईल, हे कोणताही सेवा सल्लागार आपल्याला लिहून देणार नाही. आपल्या जागी मी असतो, तर गंज दिसल्याबरोबर बूस्टर बदलण्याची अट घातली असती, त्याचा खर्च किमतीतून वजा करून मागितला असता, आणि काम अधिकृत केंद्रात होऊन पावती हाती आल्यावरच उरलेली रक्कम दिली असती. जुन्या गाडीतून काढलेला बूस्टर स्वस्तात मिळतो असे कोणी सुचवील. तो त्याच मालिकेतला, त्याच वयाचा आणि त्याच जोडाचा असतो, तेव्हा तो चुकूनही घेऊ नका. बूस्टर बदलताना पाइप सुटतात, त्यामुळे ब्रेक ऑइल नवे घालून चारही चाकांतून हवा काढणे आलेच. त्याचा वेगळा उल्लेख पावतीवर असू द्या.

व्यापारी बूस्टरचा पट्टा काढू द्यायलाच तयार झाला नाही, तर त्याला दोन दिवसांची मुदत द्या आणि मग दुसरी गाडी पाहा. आसनाचा अडकणारा मागचा पट्टा दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका. पूर्ण गुंडाळीच नवी बसवून घ्या. स्टेपनी पाहायला गाडी रॅम्पवर चढवावी लागेल. त्याच वेळी खालून ब्रेकच्या लोखंडी पाइपांवरचा गंजही बॅटरीच्या उजेडात पाहून घ्या, विशेषतः ते जिथे क्लिपांनी चेसिसला धरलेले असतात तिथे. पाणी आणि चिखल नेमका त्या क्लिपांमागे साचतो.